वाचक विचारतात : महेश्वरची वीज अडली कुठे?

प्रश्न : टाटांनी खोपोलीत १९१५ पासून खासगी भांडवलावर जलविद्युत चालवून दाखवली. मग आमच्या जवळच्या, नर्मदेवरच्या महेश्वर धरणाचंच घोडं कुठे अडलं? सरकारने बांधलं असतं तर झालं असतं का? (एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : आधी पाणी किती उंचीवरून पडतं ते पाहा. खोपोलीत ही उंची पाचशे मीटरहून जास्त आहे. एक मेगावॉटला सेकंदाला साधारण २३० लिटर पुरतात. महेश्वरला ही उंची वीस मीटरच्या आसपास, तिथे तेवढ्याच विजेला ५,६०० लिटर लागतात. म्हणून अख्खी नर्मदाच अडवावी लागते, गावं आणि काठची सुपीक जमीन बुडते. त्यातही पुरात धरणाखालची पातळी चढते, उंचीतला फरक कमी होतो आणि ऐन पावसाळ्यात वीज घटते.

टाटांकडे मुंबईच्या गिरण्यांचं गिऱ्हाईक तयार होतं. महेश्वरचं गिऱ्हाईक एकच होतं, राज्याचं वीज मंडळ. ४० मेगावॉटच्या १० संचांचा हा प्रकल्प १९९० च्या दशकात खासगी कंपनीकडे गेला. अशा वीजखरेदी करारातली गोम असते स्थिर आकारात : व्याज, घसारा, भांडवलावरचा परतावा, वीज उचला वा नका उचलू, भरावाच लागतो. ४०० मेगावॉट वर्षभर सरासरी २० टक्के क्षमतेने चालले असं धरा. सुमारे ७० कोटी युनिट होतात. म्हणजे वार्षिक खर्चात ७० कोटी वाढले की युनिट एक रुपयाने महागलं. काम रेंगाळलं की व्याजही भांडवलात चढत जातं. इथे तेच झालं. १९९९ मध्ये जर्मन भागीदार बाहेर पडले, २०२० मध्ये मध्य प्रदेशाने करारच रद्द केला.

याच नदीवर इंदिरासागर (१,००० मेगावॉट) आणि ओंकारेश्वर (५२०) ही धरणं एनएचडीसी या सरकारी कंपनीने पुरी केली, हे खरं. पण ओंकारेश्वरच्या विस्थापितांना २०१२ मध्ये घोगलगावला पाण्यात उभं राहून जलसत्याग्रह करावा लागला. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापट उभे राहिले, तेव्हाही जमीन सरकारनेच संपादून दिली होती. त्यामुळे मालक कोण यापेक्षा, पाणी कमी आलं किंवा काम लांबलं तर भुर्दंड कोणावर, हे कलम आम्ही आधी वाचू.

प्रश्न : महेश्वर सुरू झालं असतं तर नर्मदेचं पाणी इंदूरला चढवणाऱ्या जलूदच्या पंपांना वीज फुकट मिळाली असती का? (इंदूर)

उत्तर : नाही. वीज ग्रिडमध्ये जाते, पंपांना ती ठरल्या दरानेच घ्यावी लागते. हजार लिटर पाणी ४०० मीटर चढवायला, ७० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला, दीड युनिट लागतं. पाइपातलं घर्षण वेगळं. शहरातली गळती बुजवली तर मात्र हा खर्च लगेच कमी होतो.