पद्मिनीचं सिलिंडर हेड जाम झालंय, नट काढूनही निघत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की १९८२ ची प्रीमियर पद्मिनी मोटार बारा वर्षं उभी होती, हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट सगळे निघाले पण हेड तसूभर हलत नाही, आणि मिस्त्री म्हणतोय फटीत छिन्नी घालून ठोकू. आधी त्याला थांबवा, मग बाकीचं सावकाश वाचा.

आमच्या वडिलांची पद्मिनी इंदूरला रामबागेत दारापुढे अशीच अकरा वर्षं उभी होती. पहिल्याच दिवशी एका कारागिरानं हेडच्या कडेला मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलं. हेड हललं नाहीच, पण ॲल्युमिनियमवर खाच पडली, नखाला लागेल एवढीच. एवढ्याशा खाचेतूनही पाणी झिरपतं, म्हणून पुढे हेड लेव्हल करून, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून, घ्यावं लागलं. या गाड्यांचं चांगलं हेड आता सहज मिळत नाही, तेव्हा फटीत काहीही घालू देऊ नका.

हेड अडकतं ते ब्लॉक आणि हेडमधल्या गॅस्केटमुळे नाही, तर स्टडमुळे, म्हणजे ब्लॉकमधून वर येऊन हेडच्या भोकांतून जाणाऱ्या आट्यांच्या दांड्यांमुळे. या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, स्टड पोलादाचे. स्टडच्या भोकात पाणी मुरलं की दोन वेगळ्या धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याची जी पांढरी भुकटी होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. ती भोकात ठासून बसते, अगदी सिमेंटसारखी. आमच्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी घालायचे. माळव्याच्या काळ्या दगडातून येणारं ते जड पाणी, त्यात कूलंट नाही, मग दुसरं काय होणार? म्हणून हेड उचलायच्या मागे लागू नका, एकेक स्टड मोकळा करायचा आहे.

हेडवरचा, व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर शाफ्ट आणि पुशरॉड काढा, आणि हेडचे नट पुन्हा मोजा. शाफ्टच्या कुठल्या तरी पायाखाली एखादा राहून गेलेला असतो. मग ऑटोमॅटिक गिअरचं तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळा. दोन्ही एकजीव राहत नाहीत, दर वेळी बाटली हलवून घ्या, आणि आसपास काडी किंवा विडी नको. प्रत्येक स्टडभोवती घट्ट मळलेल्या कणकेचं आळं केलं आणि त्यात मिश्रण भरून ठेवलं, की ते वाहून जात नाही. सकाळ-संध्याकाळ, निदान पाच दिवस. रोज स्टडच्या टोकाशी सपाट बसेल असा नट लावून पितळी सळईनं वरून हलके ठोके द्या. अडकलेला स्टड ‘थड’ वाजतो. सुटायला लागला की आवाज ‘टण्’ होतो आणि बुडाशी पांढरा चिखल दिसतो. मला तरी या आवाजाचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

मधून मधून थर्मोस्टॅटच्या जागेतून आधी कोमट, मग उकळतं पाणी ओता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दहा मिलिमीटरच्या भोकात ऐंशी अंशांच्या फरकानं मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग मिळतो, पण तेल आत शिरायला तेवढा पुरतो. ब्लो-लॅम्प मात्र नको, तेलाचा भडका उडेल आणि हेड वाकेल.

ज्या स्टडचा आवाज बदलला त्यावर दोन नट एकमेकांवर घट्ट करून तो उलटा फिरवा. पिळवटल्यासारखा वाटला की थांबा. मोडलेला स्टड अडकलेल्यापेक्षा वाईट.

आता दोरी. इंजिन हातानं फिरत असेल तरच हे करा. पुशरॉड काढल्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंद आहेत, त्यामुळे कुठला स्ट्रोक हे पाहायला नको. बॅटरीची तार काढा. १ आणि ४ नंबरचे पिस्टन बरोबरच वर येतात. ते अर्ध्यावर असताना दोन्ही प्लगच्या भोकांतून सहा मिलिमीटरची नायलॉनची दोरी भरा, टोक बाहेर ठेवा. राहिलेल्या स्टडवर नट तीन-चार आटे परत चढवा, म्हणजे हेड एकदम उडणार नाही. मग पुलीच्या नटाला पाना लावून सावकाश वर आणा. पिस्टन दोरी दाबतो, दोरी हेडला खालून सरळ, सारख्या जोरानं ढकलते. अडलं तर दोरी २ आणि ३ मध्ये घाला.

आमचं हेड तिसऱ्या खेपेला ‘कर्र’ करून सुताभर उठलं आणि गॅस्केटच्या रेघेवर पांढरी भुकटी सांडली. तरी मागचे दोन स्टड सुटेनात. इंदूरच्या सियागंज बाजारातून पातळ पोलादी नळी आणली, लेथवाल्याकडून तिच्या तोंडाला दाते पाडून घेतले, आणि ती स्टडवर ओवून हातानं फिरवत ती भुकटी पोखरून काढली. नवव्या दिवशी हेड हातात आलं.

हेड फरशीवर पालथं ठेवू नका. सरळ पट्टी आणि फिलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी, तपासा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर लेव्हल करून घ्या. बसवताना स्टडना पुन्हा न चिकटण्यासाठीचं अँटी-सीझ ग्रीस, आणि रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाण्यात कूलंटच.

स्टड वाजवून कुठले ‘थड’ बोलतात ते इथे लिहा. मागच्या बाजूचेच असतील तर नळीचं माप सांगतो.