सांगलीत वडिलांच्या गुडघ्याच्या फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालंय, सीपीएम (कंटिन्युअस पॅसिव्ह मोशन) मशीन भाड्याने घ्यावं का?

सर्जननी लिहून दिलं असेल तर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे घ्या. नसेल तर तेच पैसे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करा. मी मिरजेत हेच काम करतो, म्हणून सांगतो. हे मशीन मोटरवर पाय सावकाश वाकवतं आणि सरळ करतं, पेशंटला स्वतःचा जोर लावावा लागत नाही. टोरांटोचे डॉ. रॉबर्ट सॉल्टर यांनी 1970च्या दशकात ही कल्पना मांडली, कारण सांधा हलता राहिला तर कूर्चा (सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर) चांगली भरते असं त्यांना सशांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. मात्र मशीनने मांडीचा स्नायू बळकट होत नाही. तो वडिलांनाच आवळावा लागतो, आणि तिथेच बहुतेकांचा कंटाळा आडवा येतो! गुडघा बदलल्यानंतरच्या अभ्यासांत तर नुसत्या व्यायामाच्या तुलनेत मशीनमुळे वाकण्यात जेमतेम दोनेक अंशांची भर पडलेली दिसली. फ्रॅक्चर सांध्याच्या आत गेलं असेल तर लवकर हालचाल जास्त महत्त्वाची, तिथे मशीनचा विचार जरूर करावा.

लावताना मशीनचा सांधा गुडघ्याच्या बरोबर रेषेत ठेवा, टाच घासत नाही ना ते पाहा. किती अंशांपर्यंत वाकवायचं हे सर्जनच ठरवतील, कारण प्लेट-स्क्रूची पकड किती मजबूत बसली आहे हे फक्त त्यांनाच ठाऊक. शेजाऱ्याचा गुडघा 90पर्यंत गेला म्हणून आपला ढकलू नका. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा जखमेतून पाणी आलं, तर मशीन बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.