मुद्दाम हरू का, मॅडम?

"लेकरू हरलं की पट उधळतंय. मी मुद्दाम हरू का?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडं सल्ल्याला येणारे पालक काही थोडे नाहीत. पूर्वी कॅरम, लुडो, पत्ते असायचे, अलीकडं बुद्धिबळ जास्त. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी सिंगापुरात जगज्जेता झाला. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून आमच्या लातुरात, जिथं आधीच गल्लोगल्ली 'नीट'च्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, शिकवण्यांच्या पाट्या, तिथं घराघरात पट आले. आठवीपर्यंत बुद्धिबळ, पुढं नीट, असा हिशोब मांडूनच काही जण येतात. त्यावर बोलायला बसले तर वेगळाच लेख होईल.

असेच एक बाबा आले. मोंढ्यात एका आडतीवर मुनीम. मूळ गाव औसा तालुक्यात. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. त्याला बारकू म्हणू. ओळख पटेल अशा बाकीच्या गोष्टीही बदलल्या आहेत. बारकू शाळेत बुद्धिबळ शिकला आणि घरी बाबांना घेऊन बसू लागला. बाबांना खेळ येत होता. त्यामुळं बारकू हरायचा, आणि हरला की एका फटक्यात सगळ्या सोंगट्या पलंगाखाली. एक काळा उंट तर सापडलाच नाही. त्याच्या जागी शाईच्या पेनानं रंगवलेला खडूचा तुकडा उभा करतात.

"दोन-दोन तास जेवंना गेलंय," आई म्हणाली. "हरणं सोसतच नाही बघा त्याला."

त्या दिवशी बाहेर तीन पालक बसलेले. मी घाईत सांगून टाकलं, तीनातला एखादा डाव सोडून बघा.

पुढच्या आठवड्यात बाबा एकटेच आले. त्यांनी वजीर उचलून सरळ बारकूच्या हत्तीच्या तोंडी दिला होता. बारकूनं तो मारलाच नाही. आधी वजिराकडं बघितलं, मग बाबांकडं, आणि म्हणाला, "मला येडं समजता का?" त्या रात्री सोंगट्या उधळल्या नाहीत. एकेक मोजून डब्यात भरल्या, डबा कपाटावर गेला, आणि चार दिवस खेळ बंद.

सापशिडी खेळताना पाच वर्षांच्या पोराला एखादा डाव घास भरवल्यासारखा भरवला तर काही बिघडत नाही. पण बुद्धिबळात फासा नाही की झाकलेलं पान नाही, सगळं समोर उघडं. नऊ वर्षांच्या लेकराला दान दिलेला वजीर ओळखू येतो, आणि हरण्यापेक्षा ते दान जास्त लागतं. सल्ला माझाच चुकला होता. तसं बाबांना सांगितलं आणि म्हटलं, रविवारी तिघंही या, पट घेऊन या.

रविवारी माझ्या टेबलावर डाव मांडला आणि दुसऱ्याच मिनिटाला भांडण. बारकूनं राजापुढचं प्यादं दोन घरं सारलं. बाबा म्हणाले, "एकच घर. प्यादं कधी दोन घरं चालतं का?"

"चालतं! पहिल्यांदा चालतं! रोज सांगतो मी."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. बाबा खेळ शिकले ते गावच्या पारावर, फरशीवर कोळशानं चौकटी आखून. ते देशी बुद्धिबळ. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. राजाला शह बसायच्या आधी एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, पोरं ज्याला कॅसलिंग म्हणतात, ते नाही. घरात रोज दोन वेगवेगळे खेळ एकाच पटावर चालले होते, आणि नियम कुणाचा खरा, तर जो मोठा त्याचा. बारकूच्या रागातला निम्मा राग हरण्याचा नव्हताच, असं मला आजही वाटतं.

मी त्यांना मीर सुलतान खानची गोष्ट सांगितली. पंजाबातला हा माणूस वडिलांकडून देशी पद्धतीनं बुद्धिबळ शिकला. मोठेपणी विलायती नियम नव्यानं गिरवले आणि १९२९ साली इंग्लंडात जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं, पुढं १९३२ आणि १९३३ लाही. बाबांना गोष्ट आवडली. "म्हणजे आपलं चुकीचं नाही," म्हणाले. चुकीचं नाहीच. पण शाळेत बारकूला शाळेचे नियम लागणार, तेव्हा ते तुम्ही त्याच्याकडून शिका, असं मी सुचवलं. बारकू खुर्चीवर मांडी घालून सरसावून बसला.

बाबांनी "बरं, दोन तर दोन" म्हणत नवी चाल उचललीही लगेच. बारकूचं एक प्यादं पुढं घुसलं होतं, पाचव्या रांगेपर्यंत. त्याच्या शेजारच्या ओळीतलं आपलं प्यादं बाबांनी दोन घरं नेऊन त्याच्या बरोबरीनं उभं केलं, खुशीत. बारकूनं आपलं प्यादं तिरकं सरकवलं आणि बाबांचं प्यादं उचलून बाजूला ठेवलं.

"हे काय? असं कुठं असतंय का!" बाबांचा तळहात पटावर आडवा फिरला. खडूचा उंट फरशीवर पडून दोन तुकडे झाला.

कुणी काही बोललं नाही. बाबांचा हात तसाच अधांतरी. आई ओठ दाबून खिडकीबाहेर बघायला लागली. बारकू खाली वाकला, उंटाचा मोठा तुकडा पटावर ठेवला, मग बाकीच्या सोंगट्या आठवून आठवून. "हे इथं होतं. तुमचा घोडा इथं." सगळा डाव जसाच्या तसा. कान मात्र लाल.

बाबांनी घसा साफ केला. "समजावून सांग बरं."

नियम तसा सरळ आहे. प्याद्याला दोन घरांची मुभा मिळाली, तेव्हा ते शत्रूच्या प्याद्याचा मारा चुकवून शेजारून निसटू लागलं. म्हणून लगेचच्या चालीला, ते एकच घर चाललं असं धरून त्याला मारता येतं. आँ पासाँ म्हणतात त्याला. बारकू 'एनपासंट' म्हणाला. बाबांनी दोनदा चाल करून बघितली आणि एकदम हसले. "म्हणजे तेवढ्यापुरतं आमचंच खरं की!"

बाबांच्या हाताबद्दल मी काही बोलले नाही. निघताना तेच म्हणाले, "मॅडम, हे माझ्याकडूनच उचललंय त्यानं." हंगामात सोयाबीनची आवक वाढली की ते रात्री साडेनऊला घरी येतात, हिशोबाच्या पट्ट्या करून डोकं उठलेलं, आणि जेवायच्या आधी डाव. तो आधी बंद केला. खेळ फक्त सुट्टीच्या सकाळी.

बाकी ठरलं ते असं. हरायचं नाटक नाही, पण बळ उघडपणे कमी करायचं: बाबा वजीर काढून खेळणार, बारकू लागोपाठ दोन डाव जिंकला की वजीर परत आणि एक हत्ती बाहेर, मग हत्तीऐवजी घोडा. यात लेकराला दान दिल्यासारखं वाटत नाही, कारण ते दोघांनी मिळून ठरवलेलं असतं. वेळ कमी असेल तर दोन राजे आणि सोळा प्यादी, एवढ्यावरच डाव. कधी अर्ध्यावर पट फिरवायचा आणि एकमेकांचा डाव पुढं खेळायचा. हे बारकूला फार आवडलं, कारण बाबांचा जिंकत आलेला डाव हाती घेऊनही तो एकदा हरला आणि त्याचं त्यालाच हसू आलं. डाव संपल्यावर हरणाऱ्यानं आपली चुकलेली एकच चाल दाखवायची. एकच. काही बाबा लोक इथं अर्धा तास व्याख्यान देतात, आणि मग लेकरू पट उधळणार नाही तर काय करणार?

सगळं सुरळीत झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात पट पुन्हा एकदा उधळला. पण सोंगट्या त्यानंच गोळा केल्या, आणि पलंगाखाली जुना उंट सापडला. खडूचा उंट त्यांनी टाकला नाही म्हणे.

दिवाळीत गावी गेले तेव्हा बाबा बारकूला पारावर घेऊन गेले. तिथं सत्तरीचे एक आबा बसले होते. त्यांनी पहिल्या चालीलाच बारकूचा हात धरला, "एकच घर, लेकरा." बारकूनं बाबांकडं बघितलं आणि प्यादं एक घर मागं घेतलं. दोन डाव हरला. तिसऱ्यात आबांचा हत्ती राजावर रोखायला निघाला, तसा त्यानं शह बसायच्या आधीच राजाला अडीच घरं उडवलं. पारावरच्या लोकांनी "अरे वा रे पठ्ठ्या" केलं. तोही डाव तो शेवटी हरलाच.

मला हे फोनवर सांगताना त्याचा प्रश्न वेगळाच होता: शाळेतल्या राजाला उडी का मारू देत नाहीत?