डब्लिनमध्ये नोकरी असेल तर ड्रॉहेडात राहावं का? गावाच्या मध्यभागी काही जिवंतपणा आहे का?

नोकरी डब्लिनला, भाडं परवडत नाही म्हणून डब्लिनच्या उत्तरेकडच्या ड्रॉहेडाचा विचार, पण ते नुसतं रात्री झोपायला यायचं गाव तर नाही ना, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथेच राहतो. माझं मत: जरूर या, पण घर नदीपर्यंत चालत जाता येईल असंच बघा. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहिलात तर दुधाच्या पिशवीलाही गाडी काढाल आणि ड्रॉहेडा तुम्हाला कळायचंच नाही.

बॉइन नदी गावाच्या मधून जाते. समुद्र जवळ, त्यामुळे भरती-ओहोटी थेट पुलांखाली येते. सकाळी तुडुंब पाणी, दुपारी दोन्ही काठांना चिखल. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. दोन काठांवर मुळात दोन वेगळी गावं होती, ती 1412 साली एक झाली. दक्षिणेच्या टेकडीवर मिलमाउंटचा गोल बुरूज आहे. लोक त्याला 'कपबशी' म्हणतात, आणि लांबून तो दिसतोही तसाच. तिथे एकदा चढा, सगळं गाव नजरेत येतं.

मुख्य रस्ता वेस्ट स्ट्रीट. तिथल्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांचं शिर काचेआड ठेवलेलं आहे. खोट्या कटाच्या आरोपावरून त्यांना 1681 साली लंडनला मृत्युदंड दिला गेला. 1975 साली त्यांना संतपद मिळालं. काळवंडलेला, सुकलेला चेहरा अगदी हाताच्या अंतरावर दिसतो. पहिल्यांदा दचकायला होतं. पण बाजूच्या बाकावर बाजाराच्या पिशव्या पायाशी ठेवून बायका निवांत प्रार्थना करत असतात, आणि मग तेच सहज वाटायला लागतं.

वेस्ट स्ट्रीट पुढे लॉरेन्स स्ट्रीट होते. फ्रान्सिस्कन साधूंच्या जुन्या चर्चमध्ये आता हायलेन्स कलादालन आहे. वेदी तशीच ठेवून भोवती चित्रं लावली आहेत. रस्त्याच्या टोकाला तेराव्या शतकातलं सेंट लॉरेन्स गेट, दोन उंच गोल बुरुजांचं. खरं तर हा वेशीपुढचा संरक्षक बुरूज. मूळ वेस केव्हाच गेली. पीटर स्ट्रीटवर दुसरं सेंट पीटर्स आहे, प्रोटेस्टंटांचं. 1649 साली इंग्रज सेनापती क्रॉमवेलने गाव जिंकलं तेव्हा तिथल्या मनोऱ्यात आसरा घेतलेल्यांना आग लावून मारलं. क्रॉमवेलचं नाव इथे आजही थंडपणे कुणी घेत नाही.

गावाच्या चिन्हात चंद्रकोर आणि तारा आहे. 1840च्या दशकातल्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात तुर्की सुलतानाने धान्याची जहाजं पाठवली, त्याची ही आठवण, असं तुम्हाला कुणीही सांगेल. सुलतानाने 1847 साली एक हजार पौंड दिले हे खरं, पण हे चिन्ह दुष्काळाच्या कितीतरी आधीपासूनचं आहे. तरी ही गोष्ट लोक ज्या प्रेमाने सांगतात ते मला फार आवडतं. इथला फुटबॉल क्लब ड्रॉहेडा युनायटेड, त्याच्या बिल्ल्यावरही तीच चंद्रकोर आहे. 2024 साली त्यांनी एफएआय कप, म्हणजे आयर्लंडचा फुटबॉल चषक, जिंकला. फुटबॉल कळत नसला तरी सामन्याला जा. ओळखी तिथे होतात, नाहीतर स्टॉकवेल स्ट्रीटच्या वाचनालयात. लूर्द्स रुग्णालयामुळे भारतीय नर्सेसही इथे बऱ्याच आहेत, बहुतेक केरळच्या.

आता वाईट बाजू. नॅरो वेस्ट स्ट्रीटवर कित्येक इमारती वर्षानुवर्षं फळ्या ठोकून बंद पडल्या आहेत. 2022च्या जनगणनेत 44 हजारांवर लोकसंख्या, म्हणजे शहराचा दर्जा नसलेलं देशातलं सगळ्यात मोठं गाव, आणि त्याच्या मध्यात ही अवकळा. घरांची इतकी टंचाई असताना ती बंद दारं बघून मला संताप येतो. संध्याकाळी दुकानं मिटली की तो भाग ओस पडतो.

डब्लिनला ट्रेनने साधारण पाऊण ते एक तास लागतो. स्टेशन दक्षिण काठावर, पूर्वेला आहे. सकाळच्या गाड्यांना गर्दी असते, पण बऱ्याच गाड्या इथूनच सुटतात, त्यामुळे बसायला जागा मिळते. घर बघायला याल तेव्हा एजंटच्या गाडीत बसू नका. स्टेशनवरून वेस्ट स्ट्रीटला आणि तिथून त्या घरापर्यंत पायी जा, शक्यतो पावसात. तेवढं चालणं रोज जमेल असं वाटलं तर घर घेऊन टाका.