मिक्स कसे झाले, हे विचारावे कसे?

प्रश्न : चवथीसाठी वाड्यावरच्या घुमट आरतीचे रेकॉर्डिंग केले. दोन घुमट (एका तोंडावर चामडे ताणलेली मातीची वाद्ये), शामेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य), कासाळे (मोठ्या झांजा), पेटी, एक मुख्य गायक आणि मागून म्हणणारे सहा जण. मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची जुळवणी, मीच हेडफोनवर केले. ग्रुपवर सगळे ‘मस्त’ म्हणतात. एकाने ‘शब्द कळत नाहीत’ म्हटले, म्हणून गायकाचा आवाज वाढवला, तर घुमट हरवले. उपयोगी मत कसे मिळवावे?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ‘कसे वाटले?’ विचारले की ‘मस्त’च येणार. त्याऐवजी जागा दाखवून काम द्या : ‘१ मिनिट १० सेकंदांपासूनचे कडवे ऐकून लिहून काढ.’ हे काम आरती पाठ नसलेल्यालाच सांगा. पाठ असलेल्याला न उमटलेले शब्दही ऐकू येतात. घुमट वाजवणाऱ्याला वेगळे विचारा : उजव्या हाताच्या थापेबरोबर डाव्या हाताने तोंड झाकल्या-उघडल्याने बदलणारा नाद कळतो का?

फाइल पाठवताना मास्टरवरचा (सगळे आवाज एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवरचा) लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारे साधन, काढा, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या आणि २४ बिट वेव्ह (WAV) फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. दोन मिक्स तुलनेला देणार असाल तर लाउडनेस मीटरवर त्यांची पातळी सारखी करा. अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक नको, कारण जरा मोठे वाजणारे मिक्स बहुतेकांना चांगलेच वाटते. काय बदलले ते आधी सांगू नका.

आता तुमचे ‘शब्द कळत नाहीत’. ही तक्रार खरी माना. उपाय मात्र तुम्हीच शोधायचा. एकेक वाद्य म्यूट करून तेच कडवे ऐका. कासाळे बंद केल्यावर शब्द उमटले तर दोष तिथे आहे : व्यंजनांची स्पष्टता साधारण २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असते आणि कासाळ्यांची झणझण त्याच पट्ट्यावर पसरते. ती २-३ डेसिबल खाली आणा, थोडी बाजूला पॅन करा (डाव्या किंवा उजव्या स्पीकरकडे सरकवा). पेटी बंद केल्यावर फरक पडला तर तिचा २५० ते ५०० हर्ट्झचा भाग तेवढाच कमी करा. गायकाचा फेडर (पातळीची सरकपट्टी) सर्वांत शेवटी. तुम्ही तो आधी वाढवला. मास्टरवर लिमिटर असेल तर मोठा झालेला आवाज त्यावर आदळतो आणि तो सगळेच दाबतो, घुमटाची थापही.

एक अडचण मात्र मिक्समध्ये सुटत नाही. गायकाच्या माइकमध्येच कासाळे मोठे शिरले असतील तर आवाज वाढवताना तेही वाढतात. तेव्हा पुन्हा रेकॉर्ड करा आणि कार्डिऑइड (समोरचे जास्त आणि मागचे कमी टिपणाऱ्या) माइकची पाठ कासाळ्यांकडे ठेवा.

दोन वेगळे श्रोते एकाच जागी अडले तर तिथे हात घाला. एकट्याच्या आवडीनिवडीवर मिक्स पालटू नका.

प्रश्न : मोबाइलवर घुमट ऐकूच येत नाही, हेडफोनवर मात्र दणकट वाटते. बास वाढवू का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : नको. फोनचा छोटा स्पीकर खालचा नाद जवळपास देतच नाही. १ ते ३ किलोहर्ट्झमधली थाप थोडी वर आणा, किंवा हलके सॅच्युरेशन (आवाजाला किंचित खरखरीतपणा देणारा इफेक्ट) द्या. त्याने वरचे हार्मोनिक्स (मूळ नादाच्या पटीतले सूर) तयार होतात आणि ते फोनवर पोचतात. त्याआधी मिक्स मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) ऐका. चामड्यासमोर एक आणि मागच्या तोंडाशी एक असे दोन माइक लावले असतील तर दोन्हींचे सिग्नल उलटे पडून एकमेकांना खोडू शकतात. एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहा आणि नाद जास्त भरीव वाटेल तीच बाजू ठेवा.