बजेट कमी आहे, घरात लहान मुलं आहेत, फोटोसाठी कोणता कॅमेरा घ्यावा?

बॉडीवर (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर) कमी आणि लेन्सवर जास्त खर्च करा. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

घरातले फोटो बिघडतात ते दोनच कारणांनी: उजेड कमी आणि मुलं एका जागी थांबत नाहीत. पळणारं मूल स्पष्ट यायला शटर (फोटो घेताना जेवढा वेळ उघडं राहतं तो वेळ) १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स पूर्ण झूम केली की बहुधा एफ/५.६ वर अडकते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं). एफ/१.८ ची लेन्स त्याच्या साधारण साडेनऊ पट उजेड आत घेते. त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, फार वाढवली की फोटो दाणेदार होतो) फार न चढवता काम होतं. एपीएस-सी सेन्सर (उजेड टिपणारी मध्यम आकाराची चकती) असेल तर ३५ मिमी एफ/१.८ घ्या. ५० मिमी स्वस्त पडते खरी, पण तिच्यात कमी भाग मावतो, त्यामुळे खोलीत फोटो काढताना मागे सरकत पाठ भिंतीला टेकते!

बॉडी सेकंडहँड मिररलेस (आत आरसा नसलेली) चालेल, फक्त डोळ्यांवर फोकस धरणारी हवी. घेताना शटर काउंट (आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा) विचारा, सेन्सरवर बुरशी किंवा ओरखडे नाहीत ना ते बघा. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. २४ मेगापिक्सेलमध्ये ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २० बाय १३ इंचांची प्रिंट निघते, अल्बमला तेवढं पुष्कळ.

आणि हो, वजन हातात घेऊन बघा. माझा पहिला जड डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) बहुतेक वेळ कपाटातच असायचा, फोटो मात्र सगळे फोनवर. फोटो फक्त दिवसाउजेडी, बाहेरच काढणार असाल तर सध्याचा फोनही पुरेल.