चौदा नंबरच्या पिशवीतलं पत्र

प्रिय चिऊ,

नाताळापर्यंत रोज एक उघडायच्या पिशव्यांपैकी आजच्या पिशवीत चॉकलेटऐवजी कागद निघाला म्हणून नाक मुरडू नकोस. चॉकलेट उशीखाली आहे.

परवा शाळेतून आल्या आल्या तू विचारलंस, "आई, आपल्या मराठी लोकांत अ‍ॅडव्हेंट असतो का? की तो फक्त जर्मन लोकांचा? आणि नुसती वाट बघण्यात कसला आलाय आनंद?" मी तेव्हा कुकरची शिट्टी मोजत होते, म्हणून "असतो गं" म्हणून तुला वाटेला लावलं. ते काही उत्तर नव्हे.

असतो. चर्चमध्ये त्याला आगमनकाळ म्हणायचे, नाताळाआधीचे चार रविवार. पण नगरला आमच्या घरात हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. घरात म्हणायचे, "नाताळ जवळ आला, डबे घासा." हिरव्या फांद्यांचं चक्र, त्यावर चार मेणबत्त्या, हे मी इथे येईपर्यंत पाहिलंही नव्हतं. ते मूळ तुझ्याच गावचं. १८३९ साली याच हॅम्बुर्गमध्ये योहान विखेर्न यांनी आपल्या संस्थेतल्या गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकी दिवसांच्या छोट्या लाल. "नाताळ कधी, नाताळ कधी" म्हणून पोरं त्यांचं डोकं खायची म्हणे. ओळखीचं वाटतंय ना?

आमच्याकडे चाक नव्हतं, कंदील होता. चांदणीचा. डिसेंबर लागला की अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, बांबूच्या कामट्या तासायला बसायचे. दहा कामट्या. पाच-पाचच्या दोन चांदण्या करायच्या, टोकं दोऱ्याने एकत्र बांधायची आणि मधे छोटे तुकडे अडकवून पोट फुगवायचं. मग मैद्याची खळ आणि लाल-पिवळा जिलेटिन कागद. एक टोक दर वर्षी वाकडं. आम्ही हसलो की अण्णा म्हणायचे, "ते बेथलेहेमच्या दिशेला वळलंय." शेजारच्या काकूंचा दिवाळीचा आकाशकंदील उतरला की त्याचीच वायर आणि बल्ब आमच्याकडे यायचा. तू विचारतेस ना मराठी पद्धत कोणती? ही, उसन्या वायरीची.

फराळही दिवाळीसारखाच. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. फक्त खायची बंदी. डबा फडताळात सगळ्यात वर, आणि कुणी स्टूल ओढलं की आजी आतून ओरडायची, "प्रभूच्या आधी तुम्ही जन्मलात का रे?" रात्री मंडळी दारोदार गाणी म्हणत यायची. पेटी, तबला, झांज, आणि कानटोपीत गुंडाळलेले म्हातारे. चाली आपल्या, भजनाच्या. याचं मोठं श्रेय रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, पण अभंग-ओवीचं वळण काही त्यांनी सोडलं नाही. त्यांची पदं आजही आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत. मला विचारशील तर ऑर्गनपेक्षा झांजेवर नाताळ लवकर येतो.

आता आनंदाचं. आज तिसरा रविवार. कॅथलिक चर्चमध्ये आज जांभळ्या मेणबत्त्यांमधली एकुलती गुलाबी पेटते, आनंदाची म्हणून. बायबलमधलं प्रेषित पौलाचं एक वाक्य आजच्या दिवसाशी जोडलेलं आहे: "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." हे त्याने तुरुंगातून लिहिलं. लहानपणी मला ते पटायचं नाही. बंदिवासात बसलेला माणूस दोनदा "आनंद करा" कसं म्हणेल?

मग एका वर्षी अण्णांचा पगार तीन महिने अडकला. नवे कपडे नाहीत, करंज्या निम्म्या, तूप मोजून. आणि त्याच वर्षी अण्णांनी कंदील दुप्पट मोठा केला. बांबू फुकटचा होता, कागद स्वस्त. तो दारातून बाहेर निघेना. मग सगळी गल्ली गोळा झाली, कुणी म्हणे तिरका करा, कुणी म्हणे चौकट काढा, आणि अण्णा इतके हसत होते की त्यांच्या हातातून दोरी सुटली. नाताळ अजून दहा दिवसांवर होता. त्या वर्षीचा पंचवीस डिसेंबर मला मुळीच आठवत नाही, ती संध्याकाळ मात्र जशीच्या तशी आठवते.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ये. बागकामाच्या दुकानातून बारीक बांबू आणलेत, खळ मी शिजवते. वाकडं टोक तू करायचंस.

करंज्या मोजून वरच्या डब्यात ठेवल्यात, चोवीस. उघडून पाहशील तर तेवीस निघतील. तो तुझा दोष नाही.

तुझी,
आई